कळांआधीचे भय
(प्रस्तावना)

गर्भवती स्त्री तपासणीस गेली म्हणजे तिच्या कार्डावर वजनाची नोंद होते, रक्तदाबाची होते, हिमोग्लोबिनची होते, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्याचा दाखलाही त्यावर पडतो. परंतु ही स्त्री गेले कित्येक दिवस मध्यरात्री दचकून जागी होते आणि उजाडेपर्यंत छताकडे पाहत पडून राहते, ही हकीकत त्या कार्डावर सहसा चढत नाही, कारण ती विचारण्याचा शिरस्ता नाही आणि आपण होऊन सांगण्याचा तिला संकोच वाटतो. बाळंतपणाचे भय हा आपल्याकडे स्त्रीजातीचा स्वभाव मानला जातो, आणि स्वभावाला औषध नाही अशा समजुतीने घरची माणसे ‘सगळ्यांचीच होतात बाळंतपणं’ एवढे बोलून आपापल्या कामाला लागतात. प्रस्तुत पुस्तिका या भयाविषयी आहे. ध्यान, श्वासाचा अभ्यास आणि ज्या स्वसंमोहनाच्या रीतीला अलीकडे हिप्नोबर्थिंग म्हणतात ती रीत, यांच्या साहाय्याने हे भय कितपत हलके होते आणि या साधनांचा अधिकार कोठे संपतो, याचे विवेचन पुढील प्रकरणांत आले आहे. हे भय एकट्या गर्भवतीने एकटीच्या बळावर जिंकावे अशी अपेक्षा बाळगणे अन्यायाचे आहे, अशी माझी धारणा आहे. श्वास तिचा असला, तरी तिच्या निर्भयतेचा बंदोबस्त करणे हे तिच्या घराचे आणि इस्पितळाचे काम आहे. प्रस्तावनेत मला प्रामुख्याने हेच सांगावयाचे आहे.

पुस्तिका लखनौत सिद्ध झाली, याला कारण आहे. लखनौशी मराठी माणसाचा संबंध म्हटला की सुशिक्षितांस पंडित विष्णु नारायण भातखंडे आठवतात. १९२६ साली त्यांच्या पुढाकाराने येथे मॅरिस कॉलेज हे संगीतविद्यालय निघाले आणि पुढे श्रीकृष्ण रातंजनकरांनी प्राचार्य या नात्याने ते वाढविले. परंतु या शहरात मराठीचा दुसरा, अधिक अबोल असा एक संसार आहे, आणि तो चौकातील सराफ्याच्या गल्ल्यांत नांदतो. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव या अवर्षणप्रवण तालुक्यांतून सोन्याचांदीच्या गलाईच्या, म्हणजे सोनेचांदी वितळवून शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगलेली जी कुटुंबे आहेत, त्यांतील काही येथे स्थिरावली. बहुधा खाली भट्टी आणि वर बिऱ्हाड अशी त्यांची राहणी असते. घरात गावाकडची, विट्याची मराठी आणि जिन्याखाली लखनवी हिंदी. नव्याने आलेल्या सुनेला पहिले वर्षभर जिन्याखालची भाषा परकी वाटते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली जुनी चाल, पण पुष्पक एक्स्प्रेसने मुंबई गाठावयास एक रात्र आणि बहुतेक एक दिवस, तेथून विट्याला पोहोचावयास आणखी एक रात्र. आठव्या महिन्यात हा प्रवास डॉक्टरांस पसंत नसतो, सातव्यात जावे तर नवऱ्याच्या जेवणाखाण्याची अडचण, आणि सरतेशेवटी पुष्कळ मुलींचे बाळंतपण येथेच करावयाचे ठरते.

अशाच एका घरी मी गेले असता आठवा महिना लागलेली मुलगी भिंतीला पाठ लावून बसली होती. तिची अंगकाठी उत्तम होती, तपासण्यांत दोष नव्हता, क्वीन मेरी रुग्णालय घरापासून फार दूर नव्हते. तरीही तिची बोटे पदराच्या टोकाशी चाळा करीत होती, आणि बोलताना तिचे दात इतके घट्ट मिटत होते की कानशिलाखालची शीर उडताना दिसावी. सासूबाई गावाहून फोनवर पथ्ये सांगत, नणंद कोणाचे मूल कसे आडवे आले होते ते सांगे, नवऱ्याने मोबाइलवर शांत संगीत लावून दिले होते. मी तिला भय कशाचे वाटते असे विचारले, तेव्हा मृत्यूचे किंवा वेदनेचे नाव तिने घेतले नाही. ती म्हणाली, “ताई, कळा सुरू झाल्यावर माझ्यापाशी कोण असंल?”

या प्रश्नाला जुन्या शास्त्रकारांनी उत्तर देऊन ठेविले आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागृहाचे वर्णन करताना प्रसूतेभोवती कोणत्या स्त्रिया असाव्यात याचा तपशील येतो: ज्यांची स्वतःची अनेक बाळंतपणे झाली आहेत, ज्या स्नेहशील आणि दक्ष आहेत, ज्यांच्या ठायी विषाद नाही आणि ज्या कष्ट सोसू शकतात अशा. त्याच संहितेत गर्भ टिकवून धरणाऱ्या गोष्टींमध्ये मनाच्या प्रसन्नतेला अग्रस्थान दिले आहे. अवधातल्या घरांतून बाळंतपणाच्या वेळी सोहर गाणाऱ्या बायकांचा मेळा जमे, आपल्याकडे डोहाळजेवणाला आणि ओटीभरणाला जमतो, त्यामागेही गर्भवतीला सोबत देण्याचा हाच हेतू असावा. मात्र या जुन्या जगाचे मला गोडवे गावयाचे नाहीत. तेथे सोबत होती, पण रक्तस्राव आणि सूतिकाज्वर यांच्यापुढे ती सोबत हतबल होती. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गमावलेल्या आनंदीबाई जोशी वैद्यक शिकावयास समुद्रापार गेल्या आणि फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात १८८६ साली पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध सादर केला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिविद्येवर होता. परंपरा जाणून घेऊनही केवळ तिच्यावर विसंबू नये, हा त्या अल्पायुषी विदुषीचा दाखला मला या विषयात फार मोलाचा वाटतो.

आता संमोहनाकडे वळू. या विद्येविषयी आपल्या लोकांच्या मनात जादूगाराच्या खेळाची प्रतिमा इतकी पक्की आहे की प्रथम खुलासा करणे भाग आहे. स्वसंमोहनात स्त्री बेशुद्ध होत नाही, कोणाच्या हुकमतीखाली जात नाही, तिला भोवतालचे ऐकू येते आणि हवे तेव्हा ती उठून बसू शकते. चित्त एका गोष्टीवर एकाग्र होऊन इतर संवेदना मागे सरतात आणि त्या अवस्थेत दिलेली सूचना शरीर अधिक सहजतेने स्वीकारते, एवढाच त्याचा अर्थ. या विद्येच्या इतिहासातील एक महत्त्वाचे पान हिंदुस्थानातच लिहिले गेले. बंगाल्यात हुगळी येथे नोकरीस असलेल्या जेम्स एस्डेल या स्कॉटिश शल्यवैद्याने १८४५ पासून मेस्मरच्या रीतीने रोग्यांस गुंगी आणून शस्त्रक्रिया केल्या, त्यांची हकीकत १८४६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली आणि सरकारने त्याला कलकत्त्यात परीक्षेदाखल एक लहानसे इस्पितळही चालवू दिले. परंतु त्याच वर्षी बॉस्टन येथे ईथरचा जाहीर प्रयोग झाला, १८४७ साली एडिंबरोच्या सिम्सनने प्रसूतीत क्लोरोफॉर्म वापरला, १८५३ साली व्हिक्टोरिया राणीने तो आपल्या बाळंतपणात घेतला, आणि तासन् तास हात फिरवून गुंगी आणण्याची रीत मागे पडली. मँचेस्टरच्या जेम्स ब्रेडने १८४३ च्या ग्रंथात तिला शास्त्रीय रूप देण्याचा यत्न केला होता, म्हणून ती निखालस लोपली नाही एवढेच.

भय आणि प्रसूतिवेदना यांची सांगड घालून देणारा वैद्य म्हणजे इंग्लंडचा ग्रँटली डिक-रीड. १९३३ च्या आणि पुढे १९४२ च्या ग्रंथात त्याने असे प्रतिपादन केले की भयाने शरीर ताठते, ताठलेल्या शरीरात कळ अधिक तीव्र होते आणि तीव्र कळेने भय पुन्हा वाढते. हे चक्र भयापाशीच तोडावे. सर्व वेदना भयातून उपजते, ही त्याची अतिव्याप्त कल्पना मला मान्य नाही, आणि ‘अप्रगत’ म्हणून हिणविलेल्या समाजांतील स्त्रिया सहज बाळंत होतात हे त्याचे म्हणणे त्या स्त्रियांच्या मृत्यूंकडे डोळेझाक करणारे होते. तथापि चक्राची मूळ कल्पना टिकली. भयाच्या प्रसंगी शरीरात स्रवणारे अॅड्रेनॅलिन हे गर्भाशयाचे आकुंचन घडविणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या कार्यात अडथळा आणू शकते, हे आज शरीरशास्त्र सांगते. पुढे सोव्हिएत वैद्यांनी पाव्हलॉव्हच्या सिद्धांतावर गर्भवतींच्या पूर्वतयारीची पद्धत बसविली, १९५१ साली फ्रान्सचा फर्नांद लामाझ ती पाहून आला आणि पॅरिसमध्ये धातुकामगारांच्या संघटनेने चालविलेल्या इस्पितळात त्याने ती रुजविली. फ्रान्समध्ये भट्टीशी झुंजणाऱ्या मजुरांच्या बायकांना प्रथम ही विद्या मिळाली, ही गोष्ट चौकातील गलाईवाल्यांच्या घरी बसून वाचताना मला विशेष वाटली. हिप्नोबर्थिंग हे नाव रूढ केले ते अमेरिकेच्या मेरी मोंगन यांनी, १९८९ च्या आपल्या पुस्तकाने. डिक-रीडचे तत्त्व आणि स्वसंमोहनाचा सराव यांचा तो मिलाफ आहे.

मिलाफ आकर्षक आहे म्हणून तो गुणकारी आहे असे मात्र गृहीत धरता येत नाही, आणि ज्या विद्येची जाहिरात ‘वेदनारहित बाळंतपण’ अशी होते तिची रुजुवात अधिकच कठोरपणे केली पाहिजे. डेन्मार्कमध्ये १२२२ स्त्रियांवर झालेल्या परीक्षणात स्वसंमोहन शिकलेल्या स्त्रियांनी कंबरेतून दिली जाणारी भूल, म्हणजे एपिड्यूरल, इतरांपेक्षा कमी घेतली असे दिसले नाही. इंग्लंडमध्ये ६८० पहिलटकरणींवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात हे प्रमाण स्वसंमोहन शिकलेल्यांत २७.९ टक्के आणि इतरांत ३०.३ टक्के असे निघाले, आणि हा फरक निष्कर्ष काढण्याजोगा नव्हता. नऊ परीक्षणांचा एकत्र आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१६ च्या अहवालाने वेदनाशामकांचा एकूण वापर काहीसा घटत असावा, एपिड्यूरलचा मात्र घटत नाही, असे सावध मत दिले. परंतु याच परीक्षणांत आणखी एक गोष्ट आढळते. डेन्मार्कच्या स्त्रियांनी आपल्या बाळंतपणाचा अनुभव अधिक चांगला असल्याचे सांगितले. इंग्लंडच्या स्त्रियांना, त्यांनी आधी जितकी कल्पिली होती त्या मानाने, भीती आणि चिंता प्रत्यक्षात कमी जाणवली. तेव्हा या विद्येचा लाभ वेदनेच्या मापात शोधू नये, भयाच्या मापात शोधावा, आणि आमचा विषय भय हाच असल्याने तो लाभ आम्हांस थोडका वाटत नाही.

याच्या शेजारी दुसरा एक आढावा ठेवावा लागतो. कळांच्या संपूर्ण काळात स्त्रीजवळ सतत एक सोबतीण असली तर काय घडते, याविषयी सव्वीस परीक्षणांतील पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांचा वृत्तांत २०१७ साली एकत्र केला गेला. त्यात नैसर्गिक प्रसूती अधिक, शस्त्रक्रिया कमी, कळांचा काळ काहीसा आखूड आणि बाळंतपणाविषयीची कटुता कमी, असे निष्कर्ष निघाले. कोणत्याही ध्वनिमुद्रित सूचनेच्या पदरी इतका भक्कम पुरावा नाही. आमच्या सरकारनेही २०१६ साली सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास अनुमती दिली. ती नात्यातली स्त्री असावी आणि शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी अशी शिफारस केली. चरकाच्या सूतिकागृहातील तीच स्त्री अशा रीतीने सरकारी परिपत्रकात परत आली. परिपत्रक निघाले म्हणजे दार उघडले असे होत नाही, हे खरे. गर्दीच्या रुग्णालयांतून सोबतिणीला दाराशीच थांबविले जाते, म्हणून सातव्या महिन्यातच तेथील परिचारिकांशी या बाबतीत बोलून ठेवावे अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

सरावाचे स्वरूप पुढे सविस्तर आले आहे. येथे त्याची तोंडओळख पुरे. रात्रीची भांडी आवरल्यावर दहा-पंधरा मिनिटे डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन निजावे किंवा भिंतीला टेकून बसावे. खोली भट्टीच्या वरची नसावी. तेजाबाच्या वाफा गर्भवतीस अपायकारक, आणि दीर्घ श्वास घ्यावयाचा तर त्या वाफांत तो घेऊ नये, ही गोष्ट गलाईच्या घरांत आवर्जून सांगावी लागते. मग चार अंक मोजत श्वास आत, सहा किंवा आठ मोजत बाहेर. प्रथम जबडा सैल सोडावा, जीभ टाळूपासून सुटू द्यावी, खांदे उतरू द्यावेत, तळहात उघडे ठेवावेत. मुठी आवळलेल्या असताना शरीराच्या इतर भागास विसावा मिळणे कठीण. शेजारी बसलेल्या व्यक्तीने खांद्यावर हात ठेवून ठरलेले वाक्य, घरात बोलतात त्याच भाषेत, सावकाश म्हणावे: ‘आता खांदं सोड, मी हितंच हाय.’ हा हात आणि हे वाक्य रोजच्या सरावाने विश्रांतीशी इतके जडते की कळांच्या गदारोळात नुसत्या स्पर्शानेही शरीर सैल होऊ लागते. कळ लाटेप्रमाणे चढते, साधारण मिनिटभराने उतरते. चढतीत श्वास लांबवावा, आणि उतरल्यावर पुढच्या कळेची वाट न पाहता अंग टाकून द्यावे.

हे ध्यान आपल्यास परके मुळीच नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून प्राणायामाचे प्रयोगशाळेत परीक्षण आरंभिले, तेव्हापासून श्वास आणि चित्त यांचा संबंध मराठी वाचकास श्रद्धेइतकाच शास्त्राचाही विषय झाला आहे. परंतु गर्भवतीने श्वास कोंडून धरण्याचा कुंभक, तसेच भस्त्रिका आणि कपालभाती हे प्रकार करू नयेत. बोटांना मुंग्या आल्या किंवा घेरी वाटली तर श्वास फार जलद होत आहे असे समजावे. आणि डोळे मिटताच एखादी जुनी दुःखद स्मृती अंगावर येत असेल तर डोळे उघडावेत आणि सराव तेथेच थांबवावा. अशा स्त्रीस आधी जाणत्या माणसाशी बोलण्याची गरज आहे.

येथे एका नाजूक विषयाला हात घालते. महाराष्ट्रात बालाजी तांबे यांच्या ग्रंथामुळे गर्भसंस्कार हा शब्द घरोघरी गेला. इकडे राज्यपाल आनंदीबेन पटेल यांच्या सूचनेवरून लखनौ विद्यापीठाने २०२० साली या विषयाचा अभ्यासक्रम जाहीर केला. आहार, विश्रांती आणि मनःस्वास्थ्य यांकडे घराचे लक्ष वेधले जात असेल तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु अभिमन्यूच्या कथेत सुभद्रेने काय ऐकले हे सर्वांस ठाऊक असते, तिच्या मनाची अवस्था काय होती याची चौकशी कोणी करीत नाही. त्याप्रमाणे गर्भवतीने प्रसन्न राहावे ते केवळ गर्भाच्या हितासाठी, असा या उपदेशाचा रोख होतो. मग भयाने व्याकूळ झालेल्या मुलीस भयाच्या जोडीला अपराधाची भावनाही चिकटते: मी रडले, आता बाळाचे काय होईल? अशा मुली मी पाहिल्या आहेत आणि त्यांची कैफियत ऐकून मला क्लेश झाले आहेत. हा सराव तिने स्वतःच्या सुखासाठी करावा. एखाद्या रात्री झाला नाही तर काही बिघडत नाही; प्रसूतीत भूल मागावीशी वाटली तर निःसंकोच मागावी, आणि शस्त्रक्रिया करावी लागली तर श्वासाचा अभ्यास वाया गेला असे मुळीच समजू नये, टेबलावर निजतानाही तो कामी येतो.

भयाला आधार नसतो, असेही आम्ही म्हणत नाही. २०१८–२० च्या सरकारी नमुना नोंदणीनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात ३३ माता दगावल्या, उत्तर प्रदेशात १६७. विट्याहून लखनौस आलेल्या मुलीच्या मनातील धास्तीला या आकड्यांत काही आधार आहे, आणि तो ध्यानाने पुसून टाकू नये. रक्तस्राव, डोळ्यांसमोर अंधारी आणणारी डोकेदुखी, चेहऱ्यावर अकस्मात सूज, पाणी जाणे, गर्भाची हालचाल मंदावणे, ताप किंवा आकडी यांपैकी काहीही दिसताच श्वास मोजत बसू नये, इस्पितळ गाठावे. जी चिंता आठवड्यांमागून आठवडे झोप आणि अन्न हिरावून घेते, किंवा जीव नकोसा करते, तिच्यासाठीही वैद्याकडेच जावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे विकसनशील देशांत सुमारे १५.६ टक्के गर्भवती स्त्रियांस मनोविकाराचा उपद्रव होतो; हे प्रमाण लपविण्याजोगे नाही. लखनौत तर मनाच्या उपचाराची परंपरा जुनी आहे: ई. स्टॅन्ली जोन्स यांनी लालबागेत १९५० साली स्थापिलेले नूर मंझिल मनोरुग्णालय आज सात दशकांहून अधिक काळ चालू आहे, आणि वैद्यकीय विद्यापीठातही मनोविकारांचा विभाग आहे. तेथे जाणे म्हणजे वेड लागणे, ही समजूत घरातल्या वडीलधाऱ्यांनी प्रथम टाकावी.

या विचाराने पुस्तिकेची रचना नेहमीपेक्षा निराळी झाली आहे. श्वासाचे प्रकरण तिसरे आहे. पहिल्यात इस्पितळात नेण्याच्या पिशवीची यादी, गर्भवती आणि अर्भकांसाठी असलेला १०२ हा गाडीचा क्रमांक, आणीबाणीसाठीचा १०८, रात्री-अपरात्री कोणत्या गल्लीने गाडी आत येऊ शकते याचा नकाशा काढण्यासाठी मोकळी जागा, आणि क्वीन मेरी, जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘डफरिन’ असलेले अवंतीबाई रुग्णालय व हजरतगंजचे झलकारीबाई रुग्णालय यांपैकी कोठे जावयाचे ते आधी ठरवून लिहिण्याची ओळ आहे. दुसरे प्रकरण नवरा, सासू, जाऊ किंवा शेजारीण यांच्यासाठी आहे. त्यांनी ते गर्भवतीच्या आधी वाचावे आणि रात्रीच्या सरावास तिच्या शेजारी बसावे. त्या प्रकरणाच्या आरंभी दोन नावे लिहावयाची आहेत, कळा सुरू झाल्यावर तिच्यापाशी राहणाऱ्या सोबतिणीचे आणि ती गावी गेलेली असल्यास तिच्या जागी येणाऱ्या दुसरीचे. ही दोन्ही नावे सातवा महिना संपण्यापूर्वी भरावीत.